कॅसेटच्या पोटात राहिलेलं: जुन्या व्हिडिओ गेममधला न वापरलेला माल आणि आवृत्त्यांचे फरक

नव्वदच्या दशकात मालवण, वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकाने टीव्हीवरचा व्हिडिओ गेम कुठे ना कुठे खेळलेला असतो. स्वतःच्या घरी नसला तर शेजारी असायचा. गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी येताना मुंबईच्या मनीष मार्केटमधून ते यंत्र घेऊन यायचे, सोबत एखादी पिवळी नाहीतर काळी कॅसेट. मग दोन वाड्यांतली पोरं एकत्र आली की वाद ठरलेला. 'तुझ्या कॅसेटीत कॉन्ट्राक तीस लाइफ गावतत, माझ्यात तीनच कित्याक?' कोणी म्हणायचं, मारिओला धक्का लागला की तो थेट लहान होतो. कोणी शपथेवर सांगायचं, नाही, आधी मोठाच राहतो. हे वाद कधी मिटले नाहीत, कारण दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. एकाच नावाचे खेळ खरोखरच वेगवेगळे होते. शिवाय प्रत्येक कॅसेटमध्ये कुणालाच न दिसलेलं बरंच काही पडून होतं. हे कसं होतं, का होतं आणि ते शोधून कसं काढतात, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

४० किलोबाइटांचा हिशेब

आपण खेळलो ते बहुतेक खेळ निंटेंडोच्या 'फॅमिकॉम' या यंत्रासाठी लिहिलेले होते. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलं. तेच १९८५ मध्ये बाहेरचं रूप बदलून अमेरिकेत 'एनईएस' या नावाने विकायला लागले. आपल्या बाजारात आली ती बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल करणारी यंत्रं. म्हणून आपल्याकडच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकेतल्या कॅसेटला ७२.

अस्सल कॅसेट उघडली तर आत हिरवा बोर्ड आणि त्यावर सहसा दोन मुख्य चिपा दिसतात. एका चिपेत खेळाचा प्रोग्राम आणि लेव्हलची माहिती, दुसरीत चित्रं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पहिली चिप ३२ किलोबाइटची आणि दुसरी ८ किलोबाइटची आहे. संगीत, शत्रूंच्या चाली, बत्तीस लेव्हल, सगळं मिळून ४० किलोबाइट.

चित्रांचे ८ किलोबाइट कसे वापरले ते बघा. पडदा आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकोनी तुकड्यांनी भरलेला असतो. त्या तुकड्याला टाइल म्हणतात. एका टाइलला १६ बाइट लागतात, म्हणजे ८ किलोबाइटमध्ये टाइल मावतात फक्त ५१२. त्यातच मारिओ, कासवं, विटा, पाईप, आकडे आणि अक्षरं बसवायची. म्हणून मारिओमधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. लेव्हलही पुन्हा वापरलेल्या आहेत: २-२ (म्हणजे दुसऱ्या वर्ल्डमधली दुसरी लेव्हल) आणि ७-२ यांचा नकाशा एकच, फक्त शत्रू वाढवलेले.

एक-एक बाइट जपून वापरणारी ही माणसं. मग त्यांच्या कॅसेटमध्ये न वापरलेला माल उरलाच कसा?

फलकावरची ओळ

एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक डोळ्यांसमोर आणा. एखादी फेरी बंद झाली की कंट्रोलर फलकावरची ती ओळ पुसतो. गाडी कोणी लगेच भंगारात काढत नाही. ती डेपोत उभीच असते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती फेरी संपलेली असते, कारण तो फलक वाचतो, डेपोत जाऊन गाड्या मोजत नाही.

कॅसेटमध्ये असे फलक असतात. लेव्हलचा एक, गाण्यांचा एक, शत्रूंचा एक. प्रत्येक ओळीत फक्त एक पत्ता लिहिलेला असतो: अमुक लेव्हलची माहिती चिपेत अमुक ठिकाणी सुरू होते. या तक्त्याला पॉइंटर टेबल म्हणतात. खेळ लेव्हल सुरू करताना तक्ता बघतो आणि त्या पत्त्यावर जातो. एखादी लेव्हल रद्द करायची असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तक्त्यातली ओळ बदलायची, किंवा त्या क्रमांकाकडे कुणी वळणारच नाही अशी व्यवस्था करायची. लेव्हलची माहिती जागच्या जागी राहते.

ती पुसून का टाकत नाहीत, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा चिपेच्या मध्यावर २०० बाइटांची एक लेव्हल आहे आणि ती काढली. तिच्यामागचं सगळं २०० घरं पुढे सरकतं. आता प्रत्येक पत्ता नव्याने काढावा लागतो. बरेचसे पत्ते प्रोग्राम जुळवणारं साधनच पुन्हा मोजून देतं, पण कुणी हाताने लिहिलेला एखादा पत्ता राहून गेला की खेळ भलतीकडेच उडी मारतो. महिनाभर तपासून पक्का केलेला खेळ पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. आणि तो काळ इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवायचा नव्हता. रॉम चिपेत माहिती कारखान्यातच कायमची कोरली जायची. एकदा ऑर्डर गेली की लाखभर कॅसेट तशाच निघणार. अशा वेळी शेवटच्या आठवड्यात चालत्या खेळाला हात लावायला कोण धजावेल?

पैशाची बाजूही तशीच आहे. चिपा ठरावीक मापाच्या मिळायच्या: ३२ किलोबाइट, मग ६४, १२८, २५६. खेळ ११० किलोबाइटचा असला तरी चिप १२८ चीच घ्यावी लागायची. त्यातले दोन-चार किलोबाइट कमी करून कंपनीचा एक पैसाही वाचत नसे. वाचायचं ते खालच्या मापात मावलं तरच.

उलटं उदाहरण 'पोकेमॉन'चं आहे. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आलेल्या 'रेड' आणि 'ग्रीन' या पहिल्या खेळांची कॅसेट इतकी भरली होती की आणखी काही घालायला जागाच नव्हती. शेवटी तपासणीसाठी ठेवलेला भाग काढला गेला आणि साधारण ३०० बाइट मोकळे झाले. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तेवढ्या जागेत 'म्यू' हा १५१ वा पोकेमॉन घुसवला. साध्या खेळात तो कुठेच भेटत नाही. खेळातल्या एका चुकीमुळे तो लोकांना दिसला आणि त्याच्या अफवेने पोकेमॉन पोरांच्या तोंडी गेला. काढून टाकल्यावर लगेच बाकीचं बिघडतं असं नाही, हे खरं. पण तिथे जागेची निकड होती. निकड नसेल तर कोणी काढत नाही.

तीन गोष्टी, ज्यांची नेहमी गल्लत होते

यूट्यूबवर 'मारिओतली लपवलेली लेव्हल' असे व्हिडिओ पाहिले तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकलेल्या असतात. एक, खरोखर बनवलेलं पण वापरलं न गेलेलं. दोन, तपासणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेलं. तीन, कुणीच न बनवलेलं, केवळ चुकीचं वाचल्यामुळे तयार झालेलं. तिन्हींची किंमत वेगळी आहे.

पहिल्या प्रकारचं ठळक उदाहरण म्हणजे सेगाच्या 'सोनिक २' मधला 'हिडन पॅलेस' हा विभाग. खेळ नोव्हेंबर १९९२ मध्ये आला, तेव्हा हा विभाग त्यात नव्हता. पण त्याच्यासाठी केलेलं संगीत कॅसेटमध्ये राहिलं. साउंड टेस्टमध्ये, म्हणजे खेळातले आवाज क्रमांक लावून ऐकायच्या पानावर, १० हा क्रमांक लावला की ते ऐकू येतं, खेळताना कुठेच येत नाही. १९९९ मध्ये याच खेळाची एक अर्धवट, आधीची आवृत्ती इंटरनेटवर पसरली आणि लोकांनी पहिल्यांदा त्या विभागात पाऊल टाकलं. शेवटी २०१३ मध्ये मोबाइलसाठी खेळ नव्याने केला, तेव्हा हिडन पॅलेस पुरा करून त्यात घेतला. रद्द झालेलं काम एकवीस वर्षांनी पूर्ण झालं, ते मागे राहिलेल्या तुकड्यांची नोंद कुणीतरी ठेवली म्हणून.

दुसऱ्या प्रकारात कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीचा 'कोनामी कोड' येतो: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. कॉन्ट्राच्या पहिल्या पडद्यावर हे दाबलं की तीस लाइफ. हा कोड मुळात १९८६ च्या फॅमिकॉमवरच्या 'ग्रॅडियस'साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी ठेवला, कारण खेळ फार अवघड होता आणि तपासताना त्यांना स्वतःलाच तो पुढे नेता येत नव्हता. 'सोनिक २' मध्येही हवी ती लेव्हल निवडायचा कोड आहे: साउंड टेस्टमध्ये १९, ६५, ०९, १७ वाजवायचे. ही सोनिकचे प्रोग्रामर यूजी नाका यांची जन्मतारीख आहे, १७ सप्टेंबर १९६५. तपासणीची अवजारं कॅसेटमधून काढली नाहीत, त्यांना फक्त कुलूप घातलं.

तिसरा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तो जवळून पाहू. मारिओमधली 'मायनस वर्ल्ड'. १-२ च्या शेवटी विशिष्ट तऱ्हेने उडी मारून भिंतीतून पलीकडे घुसलं आणि तिथल्या डाव्या नाहीतर उजव्या पाईपमध्ये उतरलं की पडद्यावर 'वर्ल्ड -१' येतं. पाण्याखालची लेव्हल, जिचा शेवटच होत नाही. कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की ही बनवणाऱ्यांनी लपवलेली लेव्हल आहे.

खरं काय आहे? पुढच्या वर्ल्डमध्ये नेणाऱ्या पाईपांचे आकडे एका छोट्या तक्त्यात आहेत. १-२ साठी ४, ३, २. दुसऱ्या एका ठिकाणासाठी ८, ७, ६. आणि ४-२ मधल्या एका जागी एकच पाईप आहे, वर्ल्ड ५ चा, मधोमध. त्याच्या डावी-उजवीकडे काहीच लिहून यायला नको. म्हणून तिथली ओळ आहे ३६, ५, ३६. चित्रांच्या यादीत ३६ क्रमांकावर कोरी टाइल आहे, त्यामुळे पडद्यावर ३६ म्हणजे रिकामी जागा. अगदी व्यवस्थित काम.

आता भिंतीतून घुसल्यावर खेळाला १-२ ची ओळ लावायला वेळच मिळत नाही आणि तो ४-२ ची ओळ धरून बसतो. पाईप मात्र तीन आहेत. डाव्या पाईपमध्ये उतरलं की तो इमानाने ३६ वाचतो आणि मारिओला ३६ व्या वर्ल्डमध्ये पाठवतो. नाव छापताना पुन्हा ३६ व्या क्रमांकाची कोरी टाइल छापतो, म्हणून '३६-१' ऐवजी ' -१' दिसतं. उणे चिन्ह नाहीच ते, मधली रेघ आहे. वर्ल्ड आहेत आठ. ३६ वी ओळ शोधताना तक्ता संपून जातो आणि त्याच्यापुढे जे काही पडलेलं आहे तेच खेळ लेव्हलचा क्रमांक समजून वाचतो. योगायोगाने तो पाण्याच्या त्याच लेव्हलचा निघतो, जी २-२ आणि ७-२ मध्ये वापरली आहे. बाहेर पडायच्या पाईपला '३६ व्या वर्ल्डमध्ये कुठे न्यायचं' हे कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून तो परत सुरुवातीला आणतो.

हे स्पष्टीकरण बरोबर असल्याचा पुरावाही आहे. जपानमध्ये हाच मारिओ डिस्कवरही निघाला. डिस्कच्या आवृत्तीत माहितीची मांडणी वेगळी, त्यामुळे तक्त्यापुढे पडलेलं वेगळं, आणि त्यामुळे तिथली मायनस वर्ल्ड साफ निराळी आहे: -१, -२, -३ अशा तीन लेव्हल लागतात, आणि तिसरी पार केली की खेळ संपतो. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या नसत्या, तर हे इतकं उघड झालं नसतं. न वापरलेला माल आणि आवृत्त्यांमधला फरक हे दोन विषय एकत्र अभ्यासायचे ते याचसाठी.

तोच खेळ, वेगळा देश

आता त्या जुन्या वादांकडे येऊ. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' जपानमध्ये ऑक्टोबर १९८८ मध्ये आला, अमेरिकेत १९९० मध्ये. जपानी आवृत्तीत शेपटीवाला किंवा आगीचे गोळे टाकणारा मारिओ शत्रूला लागला की थेट लहान होतो. अमेरिकेच्या आवृत्तीत आधी साधा मोठा होतो, मग पुढच्या धक्क्याला लहान. म्हणजे तिकडच्या खेळाडूंना एक धक्का जास्त दिला. अमेरिकेतल्या अमेरिकेतही दोन छपाया आहेत. पहिल्या छपाईत शेवटच्या पडद्यावर जगांची नावं वेगळी आहेत, नंतरच्या छपाईत ती पुस्तिकेतल्या नावांशी जुळवून घेतली. बाहेरून डबा तोच, आत चिप वेगळी.

कॉन्ट्राची गोष्ट अधिक मोठी. फॅमिकॉमवरचा जपानी कॉन्ट्रा १९८८ च्या फेब्रुवारीतला. कोनामीने त्यात स्वतःची 'व्हीआरसी२' ही चिप घातली होती. या चिपेमुळे चित्रांची पानं झटपट बदलता येतात, म्हणून पहिल्या लेव्हलमधली झाडं वाऱ्यावर हलतात, बर्फाच्या लेव्हलमध्ये बर्फ भुरभुरतो आणि शेवटच्या राक्षसी गुहेच्या भिंती धडधडतात. दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा आणि कथेचे पडदे येतात. अमेरिकेत कॅसेट निंटेंडोच बनवून द्यायची, त्यामुळे कोनामीची चिप गेली आणि तिच्यासोबत वारा, बर्फ, नकाशा सगळं गेलं. कथाही बदलली. जपानी कथा २६३३ साली घडते, अमेरिकी पुस्तिकेत ती त्या वेळच्या वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात आणली. युरोपात १९९० मध्ये खेळ आला तेव्हा नावच 'प्रोबोटेक्टर' झालं आणि दोन्ही सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले. आपल्याला माहीत असलेला उघडा, पट्टा बांधलेला सैनिक युरोपातल्या पोरांनी त्या कॅसेटवर पाहिलाच नाही.

काही फरक पुस्तिकेत अडकून राहतात. 'द लेजेंड ऑफ झेल्डा' जपानमध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये डिस्कवर आला. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला छोटा माइक होता. खेळात मोठ्या कानांचं एक भूत आहे, 'पोल्स व्हॉइस'. माइकमध्ये ओरडलं की ते मरतं. अमेरिकेच्या कंट्रोलरला माइक नव्हता, म्हणून तिथे ते भूत एका बाणात मरेल असं केलं. पण पुस्तिकेत 'याला मोठा आवाज सहन होत नाही' हे वाक्य राहून गेलं. कितीतरी मुलं त्याच्यापुढे बासरी वाजवत बसली. बासरीने काहीही होत नाही.

आवाजाचेही असेच हाल झाले. 'कॅसलव्हेनिया ३' च्या जपानी कॅसेटमध्ये व्हीआरसी६ ही चिप आवाजाचे तीन जादा सूर देते. अमेरिकेच्या यंत्रात कॅसेटमधला आवाज बाहेर काढायची वाटच तशी ठेवली नव्हती, म्हणून संगीत पातळ करून बसवावं लागलं. दोन्ही ऐकून बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

आपल्या घरातल्या खेळांना आणखी एक फरक लागू होता, तो टीव्हीचा. जपान आणि अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवलं जायचं. भारतात पाल पद्धत, सेकंदाला ५० वेळा. या खेळांमध्ये चित्र एकदा रंगवलं की खेळ एक पाऊल पुढे सरकतो. त्यामुळे पालवर चालणाऱ्या यंत्रात दहा सेकंदांचा खेळ बारा सेकंद चालतो, गाणंही तेवढंच संथ होतं. आज एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, ६० च्या वेगाने मारिओ लावला की 'हा फास्ट का पळतोय?' असं आपल्या पिढीला वाटतं, त्याचं कारण हे आहे.

'९९९९ इन १' हीसुद्धा आवृत्तीच

आणि आता आपल्या कॅसेट. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेवढे खेळ नसतात हे दुसऱ्याच दिवशी कळायचं. मोजके खेळ, मग तेच पुन्हा: कुठे कॉन्ट्रा तिसऱ्या लेव्हलपासून, कुठे तीस लाइफ घेऊन, कुठे मारिओ वेगळ्याच वर्ल्डपासून, कुठे फक्त रंग बदललेले. हे करायला नवा खेळ लिहावा लागत नाही. लाइफ किती, लेव्हल कोणती, असे एखाद-दोन आकडे बदलले की मेन्यूत नवी ओळ तयार. मूळ कंपनीचं नाव बहुधा पहिल्या पडद्यावरून पुसलेलं असतं.

संग्राहकांपैकी बरेच जण या कॅसेटना कचरा समजतात. मला ते मान्य नाही. चोरीच्या प्रती होत्या, हे खरंच. कायद्याने त्या चुकीच्याच होत्या. पण कुडाळ-सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंतच्या पोरांनी जो कॉन्ट्रा खेळला तो हाच. कोणत्या मेन्यूला कोणतं संगीत होतं, कोणता खेळ कुठून सुरू व्हायचा, ही आपल्या बालपणाची नोंद आहे, आणि अस्सल खेळांची नोंद जपानी-अमेरिकी लोकांनी जितक्या निगुतीने ठेवली, तितकीच तीही ठेवायला हवी.

खरं-खोटं कसं ठरवतात

एखादी गोष्ट 'न वापरलेली' आहे असं म्हणायला पुरावा लागतो. आधी कॅसेट वाचून तिची संगणकावर तंतोतंत प्रत काढतात. मग टाइल दाखवणाऱ्या साधनाने चित्रांची सगळी पानं उघडतात. खेळात कधीच न दिसलेला शत्रू असा पहिल्या फेरीतच डोळ्यांत भरतो. पण पक्कं काम 'कोड/डेटा लॉगर' करतो. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये तो आहे. खेळ चालू असताना चिपेतला कोणता बाइट वाचला गेला याची तो खूण करत जातो. पूर्ण खेळ झाल्यावर ज्यांना खूण नाही ते संशयित.

संशयितच, दोषी नव्हे. तुम्ही दोन खेळाडूंचा खेळ लावला नसेल, सगळ्या लाइफ गमावून 'गेम ओव्हर' बघितला नसेल, एखाद्या आडवाटेच्या खोलीत गेला नसाल, तर वापरात असलेला मालही न वापरलेला दिसतो. काही जागा तर नुसतं भरताड असते, एकाच आकड्याने भरलेली पानंच्या पानं. त्यात गुपित शोधू नये. शेवटची कसोटी अशी की प्रोग्राम उलगडून, त्या मालापर्यंत जाणारी एकही वाट नाही हे दाखवायचं. 'बीटा', म्हणजे खेळाची आधीची अर्धवट आवृत्ती, म्हणून फिरणारे कित्येक व्हिडिओ चाहत्यांनी नंतर बदललेल्या खेळांचे असतात. कोणत्या प्रतीत हे सापडलं हे सांगितलेलं नसेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि हा विषय निव्वळ हौसेचा नाही. २००४ च्या 'जीटीए: सॅन आंद्रेआस'मध्ये बंद करून ठेवलेला एक अश्लील भाग डिस्कवर तसाच राहिला होता. बाहेरच्या एका प्रोग्रामने तो उघडला गेला आणि जुलै २००५ मध्ये अमेरिकेच्या वर्गीकरण मंडळाने खेळाला 'फक्त प्रौढांसाठी' ठरवलं. दुकानांनी माल परत पाठवला. फलकावरची ओळ पुसली होती, एवढं कारण तिथे पुरलं नाही.

माळ्यावरची कॅसेट वाचायची असेल तर

कोकणात कॅसेटचा खरा शत्रू दमट, खारी हवा. रॉम चिपेत कोरलेली माहिती सहजासहजी जात नाही. जातात त्या पिना. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून काढलेली कॅसेट उघडली तर पिनांच्या टोकाला हिरवट पूड दिसते, बोर्डाच्या कडेला पांढरी बुरशी, आणि चिपेच्या जागी काळ्या डांबरासारखा घट्ट थेंब. स्वस्त कॅसेटमध्ये चिप उघडी लावून वर हा थेंब ओततात. तो खरवडू नका, आतली चिप त्याच्यासोबत तुटते.

फुंकर मारायची आपली सगळ्यांची सवय. त्याने पिनांवर ओल जाते आणि गंज वाढतो. चालू होते असं वाटतं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात हे काम करूच नका. लेबलला ओल लागू देऊ नका. लेबलचा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि बोर्डावर छापलेल्या क्रमांकाचा फोटो आधी काढून ठेवा, आणि मेन्यूच्या सगळ्या पानांचाही.

वाचायला ६० पिनांचा कॅसेट रीडर लागतो. एका खेळाची साधी कॅसेट सोपी असते. '९९९९ इन १' वेळ खाते, कारण यंत्राला एका वेळी प्रोग्रामचे ३२ किलोबाइटच दिसतात आणि बाकीची पानं कोणत्या इशाऱ्याने पालटायची हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. खेळांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे काढलेली प्रत वाटत सुटायची नाही. नोंद मात्र उघडपणे ठेवता येते. प्रत दोनदा काढा आणि दोन्हींचा एसएचए-१ आकडा, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, जुळतो का बघा. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी हा आकडा पार बदलतो. जुळला नाही, तर कॅसेटमध्ये नवी आवृत्ती सापडली असं समजायच्या आधी पिना पुन्हा एकदा पुसा.